बोरीच्या वाळूतली काळीपिवळी

जळगाव, १९ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. आपल्याकडे पत्रात त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची पद्धत आहे. ते मी मुद्दाम गाळलं आहे, विसरले असं समजू नकोस.

तुझं पत्र मिळालं. तुझा नंबर मी फोनमध्ये अडवून ठेवलाय हे तुला एकदाचं कळलं आणि तू पोस्टाचा रस्ता धरलास, याबद्दल अभिनंदन. मीही पोस्टानेच उत्तर देते आहे. तुझा आवाज ऐकण्यापेक्षा तुझं अक्षर वाचणं मला सोपं जातं.

तर धुळ्याच्या देवपुरातल्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तू रस्ता बांधला आहेस. नोकरीभर सरकारी रस्ते बांधून हौस फिटली नाही, म्हणून आता घरात खेळण्यातला. जळगाव ते धुळे, जुना हायवे, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, सगळं एका खोलीत. त्याच्या वर्णनात तू चार पानं घातलीस, आणि आबांची तब्येत चौथ्या पानाच्या तळाशी अर्ध्या ओळीत विचारलीस. जागा संपत आली होती वाटतं.

मी दातांची डॉक्टर नसून पाचवीतली पोर असल्यासारखं तू मला हेही समजावलंस, की रस्त्याच्या आत पोलादी तार पुरलेली असते, गाडीच्या पुढच्या चाकांना एक दांडी जोडलेली असते, दांडीच्या टोकाला चुंबक असतो, चुंबक तारेमागे जातो आणि चाकं त्याच्याबरोबर वळतात. गाडीच्या पोटात मोटर आणि बॅटरी. समजलं. तुझ्याकडे परदेशातून मागवलेले ट्रक आहेत, दुधाचा टँकर आहे, दोन बसगाड्या आहेत. एकच गाडी जगात कुठे विकत मिळत नाही आणि ती तुला माझ्या हातून हवी आहे. काळीपिवळी. जुनी लांब जीप, काळं अंग, पिवळं टप, आबांच्या नंबरासकट.

हे लिहिताना तुला काहीच वाटलं नाही?

आबा हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात पडले होते तेव्हा तू पारोळ्याला जाऊन ती जीप भंगारवाल्याला दिलीस. ते घरी आले तर अंगणात फक्त तेलाचे डाग. त्यांनी एकदाच विचारलं, “गाडी कोठे शे?” तू म्हणालास, आबा, तुम्हाला आता नीट दिसत नाही, कुणाच्या अंगावर घालाल. कारण खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण ते तू त्यांना आधी तोंडावर सांगू शकला असतास. आणि खरं कारण मला माहीत आहे. आबा ती घेऊन धुळ्याला आले, तुझ्या फाटकासमोर लावली आणि तुझे साहेबलोक चहाला बसलेले असले, की तुझा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. पारोळ्याच्या काळीपिवळीवाल्याचा मुलगा, हे तुला कुणी आठवून दिलेलं आवडत नसे.

तेव्हापासून आबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. अगदीच अडलं तर “धुयाना साहेब” म्हणतात, म्हणजे धुळ्याचा साहेब. तसे ते माझ्याकडे राहायला आल्यापासून तू दिवाळीला इथे फराळाचे डबे पाठवतोस. ते शेजारच्या प्रमिलाबाईंकडे जातात.

आता तब्येत. काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण नेला. डाव्यात नळीतून बघावं इतकं उरलं आहे, आणि तेही पुढच्या वर्षी असेल याची डॉक्टर हमी देत नाहीत. तू म्हणतोस, दिसतंय तोवर त्यांनी हा रस्ता पाहावा, बुद्धपौर्णिमेला त्यांना धुळ्याला घेऊन ये. मी आणणार नाही.

गाडी मात्र करून देईन. धुळ्यात ते कुणाला जमणार नाही, आणि तू एखाद्या खेळण्यातल्या जीपला पिवळा रंग फासून तिला आबांची गाडी म्हणशील, ते मला सहन होणार नाही. गाडी येईल, आबा येणार नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

प्राची


जळगाव, २३ फेब्रुवारी २०२५

दादा,

जय भीम. ‘काम कुठवर आलं’ असं विचारणारी तुझी दोन पोस्टकार्डं आली. मी तुझी ठेकेदार नाही.

दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा बसते. एकास सत्याऐंशी या मापात जीप माझ्या अंगठ्यापेक्षा लहान होते. सांगाडा आधी मेणात कोरला आणि मग कवळीच्या अॅक्रिलिकमध्ये ओतला. तुझ्या गाडीचं टप आणि जळगावच्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या हिरड्या एकाच डब्यातून निघाल्या आहेत, तुझ्या पाहुण्यांना हे जरूर सांग. पुढच्या चाकांची दांडी वेडेवाकडे दात ओढून आणायच्या तारेची आहे. बॅटरी एका बिघडलेल्या इअरफोनमधली. मोटर शेंगदाण्याएवढी आहे आणि तिच्यासाठी जागा करताना ड्रिल दोनदा आरपार गेलं. तेव्हा मी तुला ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही, कारण पत्र चारुलतावहिनीही वाचत असणार.

तू पाठवलेला फोटो काही कामाचा नाही. त्यात जीपच्या पुढे तूच उभा आहेस.

परवा आबा दवाखान्यात आले आणि टेबलाशी बसले. त्यांनी गाडी हातात घेतली, डोळ्यापाशी नेली, मग डोळा बंद करून अंगठ्याने चाचपली. मागच्या बाजूवर अंगठा थांबला. म्हणाले, “हाई बरोबर नही. मना दरवाजा दोरीघाई बांधेल व्हता.”

खरंच होता. कडी तुटलेली होती आणि सुताची पांढरी दोरी असायची, तिला धरून रूपचंद क्लीनर मागे लटकायचा आणि “धुळे धुळे धुळे” ओरडायचा. मी विसरले होते. मी कडी केली होती, ती छाटून टाकली आणि टाके घालायच्या रेशमी धाग्याची दोरी बांधली.

हे कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. एका पेशंटच्या पोरासाठी, असं मी सांगितलं. तुझ्यासाठी मला आबांशी खोटं बोलावं लागलं, हेही तुझ्या खात्यात धरलं आहे.

सोबत गाडी पाठवते आहे. माझ्या इथे प्लायवूडवर तार पुरून मी ती अख्खी दुपार फिरवली. एकदाही रस्ता सोडला नाही.

प्राची


जळगाव, २३ मार्च २०२५

दादा,

जय भीम.

गाडी परत आली. सोबतचं पत्रही वाचलं, आणि वाचून झाल्यावर मोठ्याने पुन्हा एकदा वाचलं, कारण एवढा उद्धटपणा एका वाचनात पोटात जात नाही. पारोळ्याच्या पुढच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली जाते. दोन-चार फेऱ्या बरी चालते, मग चाकं वळत नाहीत. ‘स्टिअरिंगची जोडणी सैल असावी. घरगुती कारागिरीत असं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस.’

घरगुती कारागिरी! गेली पंचवीस वर्षं लोक माझ्यासमोर तोंड उघडून निवांत पडतात ते याच कारागिरीच्या भरवशावर. तुझ्या हातात ड्रिल दिलं तर पेशंट खुर्चीसकट पळेल.

मी गाडी उलटी केली आणि भिंगाखाली धरली. जोडणी जशी दिली तशीच घट्ट होती. पण चुंबकाला दाढी आली होती. काळी, बारीक, उभी राहिलेली दाढी, आणि तिचेच कण चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांत जाऊन बसलेले. म्हणून ती वळत नव्हती.

आता नीट वाच. तू रस्त्याच्या कडेला, पुलाखाली आणि साइडपट्ट्यांवर नदीची खरी वाळू पसरली आहेस, हे तूच पहिल्या पत्रात मिरवलं होतंस. रंगीत भुसा, फरशीची पूड, जगभर लोक जे वापरतात ते साहेबांना चाललं नाही. आपल्या नद्यांच्या वाळूत लोखंडाचे काळे कण असतात, सगळा प्रदेश काळ्या दगडाचा आहे म्हणून. चुंबक जाईल तिथे ते उडी मारून चिकटतात. तुझे परदेशी ट्रक उंच आहेत, त्यांना कमी त्रास होतो. आबांची गाडी सवाऱ्यांच्या ओझ्याने कायमच जमिनीला टेकलेली असायची, माझीही तशीच आहे.

आणि हे तुला माहीत नसेल तर मला तुझी कीव येते. आबा पारोळ्याच्या बोरी नदीत पुलाखाली जीप धुवायचे तेव्हा आपण दोघं काय करायचो? फुटक्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून वाळूतून ओढत न्यायचो. त्याला अशीच दाढी यायची. ती कागदावर झटकून तू खालून चुंबक फिरवायचास आणि कण उभे राहून चालायला लागायचे, म्हणून मी टाळ्या पिटायचे. हे तू मला शिकवलं आहेस. मी पहिलीत होते. ज्याने शिकवलं तोच विसरला आणि जोडणी सैल म्हणून मलाच पत्र लिहितो!

वाळू कुठल्या ठेकेदाराकडून फुकटात उचललीस कोण जाणे. सगळी खरवडून काढ आणि फरशीची पूड टाक. गाडी साफ करून परत पाठवते आहे. पुन्हा जोडणीबद्दल अक्षर लिहिलंस तर हातोड्याने बारीक करून पाकिटातून पाठवीन.

प्राची


जळगाव, २० एप्रिल २०२५

दादा,

जय भीम.

तुझं पत्र तीन ओळींचं आहे. ‘वाळू काढणार नाही. ठेकेदाराची नाही, बोरीची आहे, पुलाखालची. आबा गाडी लावायचे तिथून मी स्वतः पोत्यात भरून आणली.’

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर थांबलेल्या पेशंटची दाढ काढली. दाढ सरळ निघाली. मग परत येऊन वाचलं.

तू आधी का नाही सांगितलंस? चार पानं रस्त्यावर लिहिलीस, तारेची जाडी लिहिलीस, ट्रकांच्या कंपन्या लिहिल्यास, आणि हेच तेवढं लिहिलं नाहीस. लहानपणापासून तुझं हेच आहे. जे सांगायचं ते पोटात ठेवायचं आणि बाकीचा कचरा जगापुढे ओतायचा.

मला तुझा खूप राग आला, आणि तो मागच्या पत्रांतल्यासारखा नव्हता. तुला आबांची गाडी म्हणजे लाज वाटते, हे मी इतकी वर्षं धरून बसले होते आणि त्यावर माझं उत्तम चाललं होतं. आता साठीला आलेला, गुडघे दुखणारा तू बोरीच्या पात्रात वाकून पोतं भरतोयस, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुझ्या पँटची घडी मोडली असेल. येणाजाणाऱ्यांनी तुला वाळूचोर समजून फोटो काढले असतील. काढायलाच हवे होते.

यामुळे तू दवाखान्यात पडलेल्या माणसाची गाडी विकलीस ते पुसलं जात नाही. ते तसंच राहील.

आबांना मी सांगून टाकलं, की गाडी पेशंटच्या पोरासाठी नव्हती. ते भाकरी कुस्करत होते. म्हणाले, “माले माहीत शे. पेशंटना पोऱ्याले दोरीना दरवाजा कसाले लागस?” म्हणजे फेब्रुवारीपासून हा माणूस मला खोटं बोलू देत होता. तुझा हा पोटात ठेवायचा गुण कुणाकडून आला ते त्या दिवशी कळलं.

मग मी त्यांना रस्त्याचं सगळं सांगितलं. त्यांचं कुस्करणं चालूच होतं. वाळूचं सांगितलं तेव्हा मात्र हात थांबला. कुठली, म्हणाले. बोरीची, मी म्हटलं, पुलाखालची, तुम्ही गाडी धुवायचात तिथली. ते पाणी प्यायले, हात धुतले आणि उठताना म्हणाले, “पौर्णिमाले पांढरा सदरा काढी ठेव.”

पौर्णिमेला ते दरवर्षी पांढराच सदरा घालतात, विहारात जायला. तू यातून काही अर्थ काढू नकोस. पण या वेळी त्यांनी महिनाभर आधी सांगितलं आहे.

आता कामाचं. वाळू राहू दे. रस्त्याला लागून असलेल्या पट्टीवर सोबतच्या बाटलीतलं व्हार्निश दोन हात मार. पोकळ दातात आम्ही हे भरण्याआधी लावतो, बोरीलाही चालेल. तरी थोडे कण उडतीलच. म्हणून प्रत्येक फेरी संपली की गाडी उलटी करायची आणि सोबतच्या मऊ ब्रशने चुंबक आणि खुंट्या झाडायच्या. आळस करायचा नाही. आबा धुळ्याहून आल्यावर गाडी धुतल्याशिवाय कधी जेवले नाहीत, तुला तर एक ब्रश फिरवायचा आहे.

प्राची


जळगाव, १८ मे २०२५

दादा,

सप्रेम जय भीम. हे सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर कागद खराब दिसेल म्हणून राहू दिलं आहे.

तू सगळीकडे सांगत सुटला आहेस म्हणे, की पौर्णिमेला ऐन वेळी गाडी बंद पडली आणि तुझी लाज गेली. वहिनींनी मला फोनवर सांगितलं. मी समोर उभी होते, त्यामुळे काय झालं ते तुला लिहून देते, पुढच्या वेळी सांगताना उपयोगी पडेल.

आबा पांढरा सदरा घालून माझ्याबरोबर आले, बसले. तू निवृत्त साहेबांची एक रांग जमवली होतीस, त्यांच्यापुढे मापांचं भाषण केलंस. आबांनी त्यातलं काही ऐकलं नाही. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चेहरा टेबलाशी नेला आणि त्या नळीएवढ्या डोळ्याने रस्ता बोट बोट वाचत गेले. एरंडोल आलं तेव्हा मान हलवली. पारोळ्याला आपली गल्ली नाही असं पुटपुटले, आणि ते बरोबर आहे, तू तिथे पेट्रोलपंप केला आहेस. बोरीच्या पुलाशी आल्यावर त्यांनी बोट वाळूत घातलं आणि तिथेच ठेवलं.

मग तू गाड्या सोडल्यास. पाहुण्यांसमोर मिरवायच्या नादात फेरीमागून फेरी मारलीस, आणि ब्रश वहिनींच्या खिरीच्या पातेल्याशेजारी पडून होता. चौथ्या की पाचव्या फेरीला काळीपिवळी पुलाच्या अलीकडे आली, चाकं अडली, साइडपट्टीवर उतरली आणि अर्धी रस्त्यात अर्धी मातीत अशी उभी राहिली. मागे तुझा टँकर येऊन थडकला, त्याच्यामागे बस, त्यामागे ट्रक. तुझा चेहरा पडला. ‘सॉरी, एक मिनिट’ असं म्हणून तू गाडी उचलायला हात घातलास.

आबांनी तुझं मनगट धरलं. त्यांना तुझा हात दिसणं शक्य नव्हतं, त्यांनी तो अंदाजाने पकडला. म्हणाले, “ऱ्हाऊ दे रे संघ्या. शिटा भरू दे.”

इतकंच झालं. गाडी बंद पडली नव्हती, सवाऱ्यांची वाट पाहत होती. काळीपिवळी भरल्याशिवाय कधी निघाली आहे का? अर्धी रस्त्यात अर्धी मातीत, मागच्यांनी हॉर्न वाजवून घसा बसवून घ्यायचा, अशीच तर ती उभी राहायची. तुझ्या अख्ख्या रस्त्यावर तेवढीच एक गोष्ट खरी झाली, आणि ती तुझ्या आळसाने झाली.

त्यानंतर तू गॅलरीत गेलास आणि बराच वेळ आला नाहीस. डोळ्यांत वाळू गेली असं तू पाहुण्यांना सांगितलंस. वाळू सगळी आतल्या टेबलावर होती, दादा.

संध्याकाळी निघताना मी आबांची पिशवी उचलली तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली. “तू जाय. मी आठेच शे.” मला वाईट वाटलं. मी इथे त्यांचं सगळं करते आणि ते एका अॅक्रिलिकच्या जीपसाठी तुझ्याकडे राहिले. ते तसं नाही, हे मला कळतं. तरी वाटलं ते वाटलं.

डोळ्यांचे थेंब पाठवते आहे. सकाळी आणि झोपताना, डाव्या डोळ्यात. तू स्वतः घालायचे, वहिनींवर ढकलायचे नाहीत. ते नको म्हणतील, थेंबांनी डोळा जळजळतो. तरीही घालायचे. भाकरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची लागते, पोळी ते कुत्र्याला टाकतात.

वहिनी म्हणाल्या की गाडी अजून तिथेच उभी आहे, आबा तिला हात लावू देत नाहीत आणि तुझे परदेशी ट्रक मागे रांगेत अडकले आहेत. हे ऐकून आठवड्यात पहिल्यांदा मी पोट धरून हसले.

म्हणून सोबतच्या डबीत सवाऱ्या आहेत. कवळीच्याच अॅक्रिलिकच्या, रंग माझा. टप उचललं की आत बसवता येतात. दोरी धरून मागे लटकणारा रूपचंद आहे. मुकटीच्या बाजाराला निघालेल्या तीन बाया आहेत, एकीच्या मांडीवर कोंबडी. पुढच्या सीटवर खिडकीशी हिरव्या लुगड्यातली आई आहे. तिचा चेहरा मला तीनदा करावा लागला, तिसराही तितका जमला नाही. ती गेली तेव्हापासून मी पहिल्यांदाच तिचा चेहरा इतका वेळ आठवत बसले. सगळी भरलीस तरी आबा म्हणतील, आणखी दोन बसतात.

तीही दिली आहेत. एक मुलगा आणि एक मुलगी, मुलीच्या हातात दोरीला बांधलेला चुंबक. ही दोघं गाडीत कुठे बसायची ते तुला आठवत असेल. नसेल आठवत तर आबांना विचार. आता विचारता येतं.

प्राची